मेडिकल सहा महिन्यांनी, मी रोज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात वैमानिकांचं निवृत्तीचं वय ६५ वरून ६७ करावं, असं सांगणारं एका वाचकांचं पत्र आलं होतं. पत्र मुद्देसूद होतं. फक्त लिहिणाऱ्यांच्या घरी कुणी पायलट नसावं, असं वाचताना सारखं वाटत राहिलं. माझ्या घरी आहेत. वय बासष्ट. आत्ता सकाळचे अकरा वाजलेत आणि हे आतल्या खोलीत काळे पडदे ओढून झोपलेत, कारण घरी आले तेव्हा पहाटेचे सव्वापाच झाले होते. मी स्वयंपाकघराचं दार लोटून, ओट्यावर वही ठेवून हे लिहितेय. डाळ-तांदूळ धुऊन ठेवलेत, पण एकच्या आत कुकर लावणार नाही. शिट्टीने त्यांची झोप मोडते.

आधी त्या पत्रातल्या दाखल्यांबद्दल. अनुभव काय असतो ते बघा, म्हणून त्यांनी हडसन नदीवर विमान उतरवणाऱ्या कॅप्टन सलेनबर्गर यांचं नाव घेतलं होतं. बरोबरच आहे. १५ जानेवारी २००९, पक्ष्यांमुळे दोन्ही इंजिनं गेली, आणि विमानातली १५५ च्या १५५ माणसं वाचली. सलेनबर्गरना तेव्हा अठ्ठावन्न पुरे व्हायला आठ दिवस होते. पण पुढचं कुणी सांगत नाही. अमेरिकेत त्या वेळी ६५ पर्यंत उडवायची मुभा होती, आणि हा माणूस मार्च २०१० मध्ये, एकोणसाठ वर्षांचा असताना, आपण होऊन थांबला. सहा वर्षं शिल्लक होती. मला नदीवरच्या त्या दुपारपेक्षा ही मार्चमधली गोष्ट जास्त विचारात पाडते.

दुसरा दाखला जेआरडी टाटांचा. १९३२ साली ते कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आले आणि पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी तेच उड्डाण पुन्हा केलं. वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण त्या लेपर्ड मॉथ नावाच्या चिमुकल्या विमानात मागे दीडशे माणसं पट्टे बांधून बसलेली नव्हती हो.

नियमाचा इतिहास थोडक्यात सांगते. (शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, थोडक्यात सांगायची सवय नाही, तरी प्रयत्न करते.) अमेरिकेने १९६० मध्ये साठची मर्यादा लागू केली. माँट्रियलला जी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आहे, तिने २००६ मध्ये मर्यादा साठवरून पासष्टवर नेली, पण साठीपुढचा एक असेल तर शेजारच्या खुर्चीतला साठीच्या आतला हवा, अशी अट घातली. २०१४ मध्ये ती अटही काढली. आपल्याकडेही प्रवासी विमानांना पासष्टच. गेल्या वर्षी विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ६७ चा प्रस्ताव माँट्रियलला नेला होता. तो मान्य झाला नाही. मागणी पुन्हा येणार, कारण कमतरता कॅप्टनांची आहे. नवा मुलगा लायसन्स घेऊन लगेच डावीकडच्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीत बसत नाही, त्याला वर्षं लागतात.

आता या आकड्यांची एक गंमत. यांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. आपल्या वाचकांतही कितीतरी जणांची असेल. रत्नागिरीकडच्या खेड्यातली शाळा, पोराला पहिलीत घालायचंय आणि वय बसत नाही, मग गुरुजींनी टाक दौतीत बुडवून १ जून लिहून टाकली. सासूबाई सांगायच्या, गौरी जेवल्या त्या रात्री हा झाला. म्हणजे सरकारदरबारी हे जवळजवळ तीन महिन्यांनी थोराड आहेत. हिशेबाने ३१ मे २०२८ च्या रात्रीपर्यंत हे विमान उडवायला लायक आणि १ जूनच्या सकाळी नालायक. एवढा मोठा जागतिक कायदा, आणि आमच्या घरी तो गुरुजींच्या टाकावर येऊन टेकतो. आमच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी ३१ मे रोजी आम्ही चौघं निवृत्त झालो, त्यातल्या तिघांची जन्मतारीख १ जून होती. माझी मात्र खरी आहे, मे महिन्यातली. निरोप समारंभ सुट्टी लागायच्या आधीच उरकला. शाल, श्रीफळ, मुलींनी म्हटलेलं गाणं आणि मुख्याध्यापकांचं वेळेत न संपलेलं भाषण. मला काही ठरवावं लागलं नाही. माझी शेवटची तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठरली होती. यांना ठरवावं लागतंय, आणि त्याबद्दलच मला लिहायचंय.

पत्रलेखक म्हणतात, मेडिकल पास होतोय ना, मग अडचण काय? साठीनंतर पायलटचं मेडिकल दर सहा महिन्यांनी असतं. ईसीजी, साखर, डोळे, कान. शिवाय वर्षातून दोनदा सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट. तिथे इंजिनाला खोटी आग लावतात, शेजारचा अचानक मान टाकतो, आणि बाकीच्याने काय करायचं ते बघतात. ही काही सोपी तपासणी नव्हे, मला तिचा आदरच आहे. पण आमच्या घरचं मेडिकल तारखेच्या दोन महिने आधी सुरू होतं. साबुदाणा बंद, बटाटा बंद, एप्रिल-मे असेल तर आंबासुद्धा मोजून दोन फोडी. पहाटे अंधारात तलावपाळीला फेऱ्या. मीठ मी डब्यातून काढून वर माळ्यावर ठेवते, म्हणजे हातासरशी पडत नाही. मेडिकल झालं की त्याच आठवड्यात मामलेदारची मिसळ, तीही तिखट, वर दुसरा पाव. आजवर एकदाही अडले नाहीत. परीक्षेच्या दिवशी पोरं कशी शहाणी असतात ते मला कुणी शिकवायला नको. मला ती जुलैतल्या पाचव्या तासालाही ठाऊक असायची. तसंच हे. मेडिकल सहा महिन्यांनी असतं, मी रोज असते.

रोज म्हणजे काय बघते ते सांगते. विमानदलात असताना हे एएन-३२ ही मालवाहू विमानं उडवायचे. रात्री कुठूनही आले तरी गादीला पाठ टेकली की पाच मिनिटांत घोरायला लागायचे. २००७ मध्ये विमान कंपनीत आले, तेव्हाही तसंच. आता झोपेला आमंत्रण द्यावं लागतं. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेलीय, सकाळी नऊला ब्रेकर सुरू होतो. नौपाड्यात दिवसा झोपायचं म्हणजे काय असतं, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. भंगारवाला, वरातीचा बँड, दहीहंडीच्या महिन्यात तर विचारूच नका. पूर्वी यांना यातलं काही ऐकू यायचं नाही. आता तीन तास झोपतात, उठून पाणी पितात, पुन्हा पडतात, आणि चारला दार उघडून म्हणतात, "झालं माझं." झालेलं नसतं.

गेल्या पावसाळ्यातली एक पहाट. दोन फेऱ्या करून आले होते. मी चहा टाकला आणि बाहेर येऊन बघते तर हे सोफ्याच्या कडेवर बसलेले, एक मोजा काढून हातात धरलेला, दुसरा पायात, आणि डोळे मिटलेले. खांद्यावरच्या कॅप्टनच्या चार पट्ट्या तशाच. मी हातातला मोजा काढून घेतला तरी कळलं नाही. कप समोर ठेवला तेव्हा जागे झाले. मी सहज विचारलं, "अहो, कुठे कुठे गेला होतात?" म्हणाले, "दिल्ली." मग जरा वेळ गेला. "आणि त्याच्या आधी?" आणखी जरा वेळ. "त्याच्या आधी काय, परत आलोय ना? म्हणून इथे बसलोय." आणि हसले. मीही हसले. चहा पिऊन झाल्यावर, बशीकडे बघत, मी काही न विचारताच हे म्हणाले: "चुकलं काही नाही. सगळं नीट झालं. पण आधी ज्या गोष्टी आपोआप व्हायच्या ना, त्या आता मी करतो."

हे वाक्य कुठल्या ईसीजीत उमटणार, सांगा.

मला कुणाला घाबरवायचं नाही. शेजारी दुसरा पायलट असतो, एकमेकांचं बघण्यासाठीच दोघं असतात. खालच्या मजल्यावर आमचे एक शेजारी आहेत, मध्य रेल्वेचे निवृत्त मोटरमन. साठाव्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्याशी यांचं गच्चीवर चालत असतं. लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा, पण त्याच्या हाताखाली डेडमॅन हँडल असतं. हात सुटला की गाडी आपोआप थांबते. ते यांना एकदा म्हणाले, "कॅप्टन, आमची गाडी थांबते हो. तुमची थांबून जाणार कुठे?" म्हणून तर दोन माणसं बसवतात. पण अचानक मान टाकणारा माणूस दिसतो. जो जागा आहे, बरोबर बोलतोय, बरोबर बटणं दाबतोय, आणि फक्त प्रत्येक गोष्टीला पूर्वीपेक्षा थोडा जास्त जोर लावतोय, तो शेजारच्या पंचविशीतल्या मुलाला कसा दिसेल? दिसला तरी तो मुलगा चार पट्ट्यांना काय बोलणार?

म्हणजे हे त्या माणसालाच ठरवावं लागतं. आणि ठरवायला गेलं की काय होतं ते बघा. २०१७ पासूनचा डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा की कॅप्टनने नोकरी सोडायची तर बारा महिन्यांची नोटीस द्यायची. को-पायलटने सहा महिन्यांची. कंपनीने लवकर सोडलं तर गोष्ट वेगळी. नियमामागचं कारण मला कळतं, पायलट पळवापळवीत उड्डाणं रद्द होऊ नयेत. पण तो नियम दुसऱ्या कंपनीत जाणाऱ्यासाठी केलेला आहे, घरी बसणाऱ्यासाठी नाही. ज्याला आज उमगलं की आता थांबावं, त्याने आणखी एक वर्ष उडवायचं? आणि उमगल्याबरोबर थांबायचंच असेल तर एकच वाट उरते, आजारी पडायची. खरंखोटं काहीतरी दाखवून. चाळीस वर्षं ज्याने मेडिकलला घाबरून साखर मोजली, त्याला शेवटी आपण आजारी आहोत असं सांगून बाहेर पडायला सांगायचं, हे मला तरी बघवत नाही.

यांनी आधी दुसरा मार्ग करून पाहिला. रात्रीच्या फेऱ्या कमी करून द्या, हवं तर पगार कमी करा, असं कंपनीला विचारलं. उत्तर आलं की रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, सगळ्यांना सारखं. (कंपनीचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत, रोस्टर माणूस लावत नाही, कॉम्प्युटर लावतो.) डिसेंबरात विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा आपल्या वर्तमानपत्रामुळे सगळ्या महाराष्ट्राला पायलटच्या विश्रांतीचे नियम कळले. आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, रात्र म्हणजे बारा ते सकाळी सहा, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. चांगले नियम आहेत, यांना फरकही पडला. पण तिशीतल्या माणसाची रात्र आणि बासष्टीतल्या माणसाची रात्र त्या कागदावर एकच आहे. आमच्या घरात ती एक नाही. यांचा भाचा, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, रात्रपाळी करून येतो आणि दहा वाजता क्रिकेट खेळायला जातो.

म्हणून वय ६७ करण्याआधी मला एवढंच मागायचंय की साठीनंतर ज्याला फक्त दिवसाची उड्डाणं करायची असतील, त्याला ती कमी पगारात का होईना करू द्या. हक्क म्हणून द्या, मेहरबानी म्हणून नको. आणि साठीपुढच्या ज्या कॅप्टनला कुठेही जायचं नाही, नुसतं थांबायचंय, त्याची नोटीस एक-दोन महिन्यांवर आणा. मग पासष्ट ठेवा, सदुसष्ट करा, माझी हरकत नाही. असे दिवसाचे आणि थोडे उडवणारे कॅप्टन कदाचित सत्तरीतही शिकवायच्या कामाचे राहतील. सिम्युलेटरवर शिकवायला तर यांच्यासारखी माणसं हवीच आहेत. दमवून संपवून टाकल्यावर अनुभव अनुभव म्हणून गळा काढण्यात काय अर्थ?

एक कबुली द्यायला हवी. आम्हाला विमानदलाचं पेन्शन आहे, माझंही पेन्शन आहे, मुलगी तिच्या पायावर उभी आहे. म्हणून मी हे ओट्यावर बसून लिहू शकते. यांच्या बरोबरीचे कित्येक जण असे आहेत की पन्नाशीत घराचं कर्ज काढलं, कोविडमध्ये पगार कापले गेले, मुलं अजून शिकतायत. उड्डाणाच्या तासांवर पैसे मिळतात, तास गेले की पगाराला मोठं भगदाड पडतं. त्यांना ६७ हवं असेल तर ते लोभापायी नाही, हे मला दिसतं. आणि पैशापलीकडचंही काही असतं. आमच्या सोसायटीत यांना नावाने कुणी हाक मारत नाही, वॉचमनपासून सगळे कॅप्टन म्हणतात. मी शाळेतून निवृत्त झाले तरी रस्त्यात पोरं ‘बाई’ म्हणतातच, ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. यांना वाटतं, कॅप्टन हे त्या खुर्चीचं नाव आहे, खुर्ची गेली की ते जाईल. मी सांगून बघितलं, पटत नाही.

त्यात आता नवी मुंबईचा विमानतळ. १९९७ पासून ऐकत होतो, अखेर २५ डिसेंबरला सुरू झाला. पनवेलकडे सहल न्यायचो तेव्हा बसमधून मी मुलांना उलव्याची टेकडी दाखवायचे. ती टेकडी कापली, नदी वळवली, गावं उठली, आणि तिथे ३७०० मीटरची धावपट्टी आली. यांच्या डोक्यात लगेच हिशेब: ठाण्याहून ऐरोलीमार्गे किती वेळ लागेल, पहाटे ठाणे-बेलापूर रस्ता कसा मोकळा असतो, तिथून उडायला मिळालं तर अजून दोन वर्षं सहज निघतील. मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी आपणच म्हणाले, "रस्ता जवळचा झाला म्हणून रात्र लहान होत नाही."

जानेवारीत यांनी नोटीस दिली. बारा महिन्यांची. म्हणजे पुढच्या जानेवारीत सुटतील, गुरुजींच्या हिशेबाने त्रेसष्ट वर्षं आणि सात महिने. फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने रोस्टर लिहितात, त्यात रात्रीच्या खेपांना गोल करतात. या महिन्यात सात गोल आहेत. मी रोज सकाळी एक तारीख खोडते. त्यांना एकदा तरी उलव्याला विमान उतरवायचंय. अजून नाव लागलेलं नाही. लागलं तर दिवसाचं लागो, एवढंच मी कोपिनेश्वराला सांगून ठेवलंय.

हे पत्र मी त्यांना वाचून दाखवूनच पाठवणार आहे. मोज्याचं काढून टाक म्हणतील, मी काढणार नाही. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे, छापू नये ही विनंती. आणि पत्र घेतलंत तर शक्यतो येत्या रविवारच्याच अंकात घ्या. त्या दिवशी यांना सुट्टी आहे, आणि वाचून जे कुणी वर येतील त्यांना चहा तेच करतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे